वय ३४, पीएचडी संपत आली: आता पोस्टडॉक मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सिन्नरची. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रातून रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय आहे द्राक्षांवरचे कीटकनाशकांचे अवशेष ओळखणारे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर. थीसिस जमा केला आहे, व्हायवा (तोंडी परीक्षा) दोनेक महिन्यांत होईल. वय ३४. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे, चार वर्षांची मुलगी आहे. पोस्टडॉकची फेलोशिप मिळेल, की माझं वय गेलं? देशात करावं की बाहेर? गाइडची मोठ्या संस्थांत कुणाशी ओळख नाही. घरचे म्हणतात, आता कायम जागेची वाट बघ."

तुमचं वय गेलेलं नाही, हे आधी मनात पक्कं करा. (इतर वाचकांसाठी: पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी केलेलं पगारी संशोधन.)

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन म्हणजे एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि जुनं सर्ब (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात विलीन झालं. त्यांच्या नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपला सगळे एनपीडीएफ म्हणतात. तिची वयोमर्यादा ३५ आहे, आणि हाच आकडा व्हॉट्सअॅपवर फिरत राहतो. त्याच्याच खाली लिहिलेलं असतं की महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत आहे. म्हणजे तुमच्यासाठी मर्यादा ४०. ही एक ओळ न वाचल्यामुळे अर्जच न केलेल्या मुली मला भेटल्या आहेत. त्यातली एक तर ही वाढीव मर्यादाही उलटून गेल्यावर भेटली. तिला हे सांगताना मला फार वाईट वाटलं, म्हणून तुम्हाला सगळ्यात आधी सांगितलं.

नाशिक, धुळे, जळगाव, नगर या पट्ट्यातल्या आपल्या मुला-मुलींचा प्रवास एका ठरावीक वाटेने होतो. एमएस्सी, मग सेट-नेटच्या खेपा, मग पोटापाण्यासाठी तासिका तत्त्वावर शिकवणं, आणि ते सांभाळत जमेल तशी पीएचडी. तिशी केव्हा उलटली ते कळत नाही. भारतातल्या बहुतेक योजना जन्मतारीख बघतात. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची सर्वसाधारण मर्यादा तर ३२ आहे. बाहेरच्या बऱ्याच योजना मात्र जन्मतारीख विचारतच नाहीत, त्या पीएचडीची तारीख विचारतात. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटाला पीएचडीनंतर ४ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरललाही ४ वर्षं, जपानच्या जेएसपीएसला ६, युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला ८. ४१ व्या वर्षी पीएचडी झालेला माणूसही तिथे नुकती पीएचडी झालेलाच धरला जातो. उशिरा पीएचडी झालेल्यांना बाहेरचं दार बंद वाटतं, पण वयाच्या बाबतीत तेच जास्त उघडं असतं.

या हिशेबाची दुसरी बाजूही बघा. पीएचडीच्या तारखेपासून दिवस मोजले जाऊ लागतात. व्हायवा झाला की "जरा दोन वर्षं दम घेते" म्हणणाऱ्यांची हुम्बोल्टची अर्धी मुदत तिथेच संपते.

आता योजनांबद्दल. पोस्टडॉक तीन वाटांनी होतं आणि तिन्ही वाटांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली वाट म्हणजे स्वतःच्या नावावरची फेलोशिप. एनपीडीएफ त्यातली मुख्य. ती दोन वर्षांची असते, सगळ्या विज्ञानशाखा आणि अभियांत्रिकीला खुली असते, मासिक विद्यावेतनाशिवाय संशोधनासाठी वेगळी रक्कम मिळते, आणि थीसिस जमा केलेल्यांनाही अर्ज करता येतो. तुम्ही आजच त्यात बसता. जीवशास्त्र-जैवतंत्रज्ञानाकडे जवळचा विषय असेल तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीबीटीची, रिसर्च असोसिएटशिप आहे, तिचं काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून चालतं. सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, रिसर्च असोसिएटशिप आहे. यूजीसीने २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने पोस्टडॉक फेलोशिप जाहीर केली. महिलांसाठी डीएसटीची (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) वाइज-पीडीएफ आणि डीबीटीची बायोकेअर या दोन योजना आहेत. संसार, बाळंतपण, नोकरीतला खंड हे सगळं गृहीत धरून त्या आखलेल्या आहेत. मुलीसाठी तुमचं काम मधे थांबलं असेल तर तो खंड या अर्जांत लपवू नका, तारखांसकट लिहा.

दुसरी वाट प्रोजेक्टमधल्या रिसर्च असोसिएटची, म्हणजे आरएची. इथे पैसा प्राध्यापकाच्या प्रोजेक्टचा असतो आणि विषयही त्याचाच. आपल्याकडे हिला कमी लेखतात. मला ते पटत नाही. ज्याची मोठ्या संस्थेत ओळख नाही, त्याला आत पाऊल ठेवायला हीच सगळ्यात सोपी जागा आहे. निवड एका मुलाखतीत होते, निकाल काही आठवड्यांत लागतो, आणि आत गेल्यावर तिथूनच एनपीडीएफचा अर्ज करता येतो. २०२३ च्या सुधारित दरांनुसार आरए-१ ला दरमहा ५८,०००, आरए-२ ला ६१,००० आणि आरए-३ ला ६७,००० रुपये, शिवाय घरभाडं. घरभाडं केंद्र सरकारच्या शहरवार दरांनी मिळतं: पुणे-मुंबईत ३० टक्के, नाशिकसारख्या वाय वर्गाच्या शहरात २०. म्हणजे पुण्यात आरए-१ ला महिन्याला ७५,४०० रुपये. पाषाण-औंधला दोन खोल्यांचं भाडं, मुलीची शाळा आणि शनिवार-रविवारची सिन्नरची एसटी धरून महिना निघतो, पण शिल्लक फारशी पडत नाही. हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडा. "फेलोशिप" म्हटलं की आजही अनेक घरांत शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर येते, पगार येत नाही.

तिसरी वाट संस्थांच्या स्वतःच्या पोस्टडॉकची. आयआयटी मुंबई, टीआयएफआर, पुण्याचं आयसर, आयुका यांच्या स्वतःच्या जाहिराती निघतात. यांचं वेळापत्रक ज्याचं त्याचं. ज्या दोन-चार संस्था तुमच्या कामाच्या आहेत त्यांची पानं महिन्यातून एकदा बघणं, एवढंच त्यासाठी पुरतं.

आणखी एक घोळ होतो. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिप पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत, पोस्टडॉकसाठी नाहीत. रामानुजन आणि रामलिंगस्वामी या बाहेर काम करून परतणाऱ्यांसाठीच्या पाच वर्षांच्या फेलोशिप. त्या आज तुमच्या कामाच्या नाहीत, पण परदेशात गेलात तर परतीची वाट म्हणून लक्षात ठेवा.

इथवरची माहिती कुणीही शोधून काढेल. माझं खरं म्हणणं पुढे आहे.

आपल्याकडे जाहिरात येते, मग धावपळ सुरू होते, मग कुठल्यातरी प्राध्यापकाला ई-मेल जाते: "आदरणीय महोदय, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पोस्टडॉक करायचं आहे, कृपया संमतिपत्र द्यावे." जाहिरात बंद व्हायला आठ दिवस राहिलेले असतात. माझ्याकडे अशा ई-मेल येत असत आणि एकाही ई-मेलवर मी संमतिपत्र दिलेलं नाही. तो उमेदवार वाईट होता म्हणून नव्हे. त्याला काय शोधायचं आहे, हे त्या ई-मेलमधून मला कळतच नव्हतं. पोस्टडॉकमध्ये आधी प्रश्न हवा, मग त्या प्रश्नात रस असलेला माणूस, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की अर्ज पडतो.

मीही तो उलटा केला होता. पीएचडी झाल्या झाल्या मी जर्मनीतल्या तीसेक प्रयोगशाळांना एकच मजकूर पाठवला होता. कुणाचंही उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी फक्त चार जणांना लिहिलं. प्रत्येकाचे तीन-तीन पेपर वाचून, त्यातला न सुटलेला धागा पकडून लिहिलं. दोघांची उत्तरं आली. त्यातल्या एकाकडे मी दोन वर्षं काम केलं.

आता तुमच्या विषयाकडे येते, कारण उदाहरण घेतल्याशिवाय हे समजत नाही.

"कीटकनाशकासाठी नॅनोपदार्थावर आधारित सेन्सर" या मथळ्याचे प्रस्ताव निवड समितीपुढे ढिगाने येतात. धातू बदलतो, नॅनोकणांचा आकार बदलतो, आणि शोधण्याची किमान मर्यादा दरवेळी आणखी खाली गेलेली असते. पण ती मोजलेली असते बफरच्या स्वच्छ द्रावणात. समितीतला माणूस पहिलं पान उलटतानाच विचारतो: "आणि खऱ्या द्राक्षात?"

तो प्रश्न तुमचा आहे, कारण तुम्ही ज्या तालुक्यातून येता तिथे द्राक्ष म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. द्राक्षाच्या रसात टार्टरिक आम्ल आहे, साखर आहे आणि भरपूर पॉलिफेनॉल (रंग आणि तुरटपणा देणारी संयुगं) आहेत. पॉलिफेनॉल इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ होतात, त्यांचा चिकट थर बसतो आणि दोन-चार मोजण्यांत सेन्सर बधिर होतो. तुमच्या थीसिसमध्येही हे घडलं असणार. बहुतेकदा असा भाग "रियल सॅम्पल अॅनालिसिस" नावाच्या एका छोट्या तक्त्यात मिटवून टाकलेला असतो. माझं म्हणणं आहे की जो भाग तिथे मिटवला, तिथूनच पोस्टडॉकचा प्रस्ताव सुरू करा. थर कसा बसतो, कुठल्या पॉलिफेनॉलचा बसतो, जातीनुसार बदलतो का, तो टाळता येतो की त्याच्यासकट मोजता येतं, हे विचारा. थॉम्पसन सीडलेस आणि शरद सीडलेस यांच्या सालीचा रंगच वेगळा आहे, म्हणजे पॉलिफेनॉलही वेगळे. हा प्रश्न बेंगळुरूच्या किंवा म्युनिकच्या मुलाला इतक्या सहज सुचणार नाही.

त्याला इतिहासही आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना ते साल आजही आठवतं. क्लोरमेक्वाट हा चतुर्थक अमोनियम क्षार आहे, इलेक्ट्रोडवर तो सहजी ऑक्सिडाइझ होत नाही. म्हणून आजही तो मोजायला एलसी-एमएस-एमएससारखं महागडं यंत्र लागतं. नेहमीच्या सेन्सरला जो रेणू दिसतच नाही, त्यानेच निर्यात अडवली होती. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ही गोष्ट चार ओळींत लिहा. वाचणाऱ्याला पुढचं पान उलटावंसं वाटेल.

आता प्रश्नावरून माणसं शोधा. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीसाठी देशात तमिळनाडूतल्या कारैकुडीची सीएसआयआरची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. तिचं नाव आपल्याकडे फार कुणी घेत नाही. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर, मुंबईत माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि पवईची आयआयटी. अवशेष तपासणीसाठी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, जिथे निर्यातीच्या द्राक्षांच्या अवशेषांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. एक मेंटर विद्युतरसायनातला आणि एक सहकारी द्राक्ष केंद्रातला अशी जोडी लागली, तर प्रस्ताव उभा राहिला म्हणून समजा. एक नियम सांभाळा. एनपीडीएफमध्ये मेंटर म्हणून स्वतःचा पीएचडी गाइड चालत नाही, आणि तो चालत नाही हे चांगलंच आहे. तुम्हाला नवी प्रयोगशाळा बघायची आहे.

ई-मेल कशी असावी? एक पान, त्याहून मोठी नको. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि पीएचडीत नेमकं काय सापडलं. "काय केलं" आणि "काय सापडलं" यांत फरक आहे, आपल्याकडे बहुतेक जण फक्त पहिलं लिहितात. मग त्यांच्या एका पेपरचं नाव आणि त्यातल्या कुठल्या मुद्द्यावर तुम्हाला प्रश्न पडला. मग तुमचा प्रश्न तीन-चार ओळींत. मग स्पष्ट सांगा: "मी एएनआरएफच्या पुढच्या फेरीत अर्ज करणार आहे, तुमच्याकडे आरएची जागा असल्यास तिचाही विचार करीन." सोबत दोन पानांचा सीव्ही आणि प्रस्तावाचा एक पानी आराखडा. शेवटी दहा मिनिटांच्या ऑनलाइन बोलण्याची विनंती. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा नम्र आठवण, त्यानंतर पुढचा माणूस. "आदरणीय", "आपला आज्ञाधारक", "संधी दिल्यास उपकार होतील" ही भाषा काढून टाका. तुम्ही काम घेऊन जाता आहात.

गाइडची ओळख नाही, याची तुम्हाला खंत वाटते. ओळखीचा उपयोग होतो, हे खोटं नाही. पण अशी ई-मेल त्या ओळखीची जागा बऱ्याच अंशी भरून काढते, हे मी पलीकडच्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

देशात की बाहेर, याचं उत्तर मुलगी चार वर्षांची आहे या वस्तुस्थितीपासून सुरू करू. तिला सोडून जायचं की घेऊन जायचं, हे तुम्ही आणि तुमचे यजमान ठरवाल. मी फक्त कुठल्या योजनेत कुटुंबाचा विचार आहे ते सांगते. मारी क्युरी फेलोशिपमध्ये नोकरीचा करार मिळतो, सामाजिक सुरक्षा मिळते आणि कुटुंब असेल तर वेगळा कुटुंब भत्ता मिळतो. अर्ज वसंतात खुले होतात आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद. अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आपल्याकडच्या बहुतेकांना ती आडवी येत नाही. प्रस्ताव दहा पानी. गुण ५०, ३० आणि २० टक्के असे विभागलेले: विज्ञानाची गुणवत्ता, परिणाम आणि अंमलबजावणी. आपली मुलं दहातली आठ पानं विज्ञानावर घालवतात आणि उरलेल्या ५० टक्के गुणांना दोन पानं देतात. तिथेच मार खातात. "परिणाम" या भागात शेतकऱ्याला, निर्यातदाराला, तपासणी प्रयोगशाळेला काय मिळेल हे लिहायचं असतं, आणि नाशिकच्या माणसाकडे ते लिहायला खूप काही आहे.

स्पर्धा मोठी आहे. २०२४ च्या फेरीत १०,३६० अर्जांतून १,६९६ जण निवडले गेले. २०२५ च्या फेरीत अर्ज १७,००० च्या वर गेले. शिवाय ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी गुण पडलेला प्रस्ताव त्याच यजमान संस्थेसोबत लगेच पुढच्या वर्षी पुन्हा देता येत नाही, म्हणून "सहज टाकून बघू" म्हणत अर्ज टाकू नका. पहिल्या वर्षी घाईत टाकण्यापेक्षा पुढच्या वर्षी नीट टाका.

हुम्बोल्टचा स्वभाव वेगळा. तिला सप्टेंबरसारखी एकच ठरलेली अंतिम तारीख नसते, विषयवार कोटा नसतो, ६ ते २४ महिन्यांची असते, आणि तिथे माणूस निवडला जातो. म्हणजे तुमचे पेपर आणि जर्मनीतला यजमान प्राध्यापक काय लिहितो, हे महत्त्वाचं. जपानच्या जेएसपीएसमध्ये अर्ज तुम्ही करत नाही, यजमान प्राध्यापक त्यांच्या संस्थेमार्फत करतो. पीएचडी झालेल्यांना महिन्याला ३,६२,००० येन मिळतात. जपानी प्राध्यापकाशी पत्रव्यवहार वर्षभर आधी सुरू करावा लागतो, पण एकदा त्यांनी होकार दिला की ते शब्द पाळतात, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकेत बहुतेक पोस्टडॉक प्राध्यापकाच्या ग्रँटवर होतात, फेलोशिपवर नाही, आणि लोक साधारणपणे जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर जातात. फुलब्राइट-नेहरूवर गेलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. तुम्हाला परतायचंच असेल तर ती अडचण नाही, पण सही करण्याआधी माहीत हवी.

हे वाचणाऱ्या इतर शाखांच्या मुलांसाठी थोडंसं. भौतिकशास्त्रातून किंवा अभियांत्रिकीतून जीवशास्त्राकडे वळायचं असेल तर एचएफएसपीची (ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम) क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप मुद्दाम त्यासाठीच आहे आणि भारत तिचा सदस्य आहे. जीवशास्त्रवाल्यांनी युरोपातल्या एम्बो या संस्थेची फेलोशिप बघावी, भारत तिथे सहयोगी सदस्य आहे. रेडिओ खगोलशास्त्रात रस असेल तर नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्यामागची संस्था, एनसीआरए, पुण्यात आहे आणि पोस्टडॉक घेते. स्थापत्य आणि जलसंपदावाल्यांना नाशिकला दिंडोरी रोडवरची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) माहीत असतेच. तिथल्या धरण आणि मातीच्या प्रश्नांवर प्रस्ताव बांधून आयआयटीत मेंटर शोधणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही, आणि मला तो पाहायचा आहे.

पैशांची एक अडचण स्पष्ट सांगते. आपल्या देशात फेलोशिप मंजूर होणं आणि पैसे खात्यात येणं यांत अंतर पडतं. माझ्याकडच्या एका पोस्टडॉकला पहिला हप्ता पाच महिन्यांनी मिळाला होता. तोपर्यंत त्याच्या वडिलांनी सोयाबीन विकून घरभाडं भरलं. हे आठवलं की आजही मला संताप येतो. तो मुलगा हुशार होता म्हणून टिकला, असं मी म्हणणार नाही. घरात विकायला सोयाबीन होतं म्हणून टिकला. तुम्ही रुजू होण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि रुजू झाल्याचा अहवाल, बँकेचा तपशील, खर्चाचं प्रमाणपत्र ही कागदपत्रं ज्या दिवशी मागतील त्याच दिवशी द्या. उशिराचं कारण तुमच्या बाजूने उरायला नको.

आता घरच्यांचं म्हणणं. कायम जागेची वाट बघ, असं ते म्हणतात ते काळजीपोटी म्हणतात. सहा वर्षं तासिका तत्त्वावर काढलेल्या सुनेला स्थिर नोकरी हवी असं वाटणं चुकीचं नाही. पण वाट बघणं आणि पोस्टडॉक करणं यांत निवड करायची गरजच नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी जे गुण आहेत, त्यात अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला २ असे जास्तीत जास्त १० गुण आहेत. म्हणजे पोस्टडॉकचं वर्ष त्या तक्त्यात शिकवण्याच्या वर्षाइतकंच मोजलं जातं. त्यावर पेपरचे गुण वेगळे. जाहिरात आली तर पुण्यातून अर्ज करता येतो आणि कारैकुडीतूनही. हा तक्ता छापून घरी दाखवा. माझ्या सासऱ्यांना मी बोलून काही पटवू शकले नव्हते, कागद दाखवल्यावर ते म्हणाले, "मग जा."

पेपरबद्दल एकच सांगते. व्हायवाआधी आणखी दोन पेपर कुठेतरी छापून टाकू, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकातला पेपर सीव्हीत दिसला की वाचणाऱ्याचा बाकीच्या पेपरांवरचाही विश्वास उडतो. खऱ्या द्राक्षांवरचं तुमचं काम नीट लिहून प्रीप्रिंट, म्हणजे छापून येण्याआधीची खुली प्रत, म्हणून केमआर्काइव्ह या संकेतस्थळावर ठेवा आणि चांगल्या नियतकालिकाकडे पाठवा. अर्जात "पाठवला आहे" लिहिलं तरी चालतं, कारण समिती प्रीप्रिंट उघडून वाचू शकते.

शेवटचा मुद्दा शिफारसपत्रांचा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन पत्रं लागतात आणि इथेच लहान कॉलेजातली मुलं अडतात. गाइडचं एक पत्र मिळतं. दुसरं विभागप्रमुखांचं घेतात, त्यात लिहिलेलं असतं की उमेदवार वक्तशीर आणि मनमिळाऊ आहे. त्या पत्राचा काहीही उपयोग होत नाही. तुमचा थीसिस गाइडशिवाय ज्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे, अशी माणसं म्हणजे तुमचे बाहेरचे परीक्षक. ते दुसऱ्या विद्यापीठातले असतात, विषयातले असतात, आणि व्हायवाच्या दिवशी तासभर तुमच्यासमोर बसतात. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर अर्धवट राहिलं तो प्रश्न त्याच रात्री लिहून ठेवा, आठ-दहा दिवस त्यावर काम करा, आणि निकाल जाहीर झाल्यावर त्यांना उत्तर पाठवा: "तुम्ही विचारलं होतं की पॉलिफेनॉलचा थर बसल्यावर प्रतिसाद किती घटतो, हे मोजून पाहिलं." त्या ई-मेलच्या शेवटी शिफारसपत्र मागा. तुमचा व्हायवा दोन महिन्यांवर आहे, म्हणजे हे अजून तुमच्या हातात आहे. थॉम्पसन आणि शरदचे घड मिळायला सिन्नर-निफाडहून लांब जायचं नाही. प्रयोगशाळेची किल्ली आहे तोवर ती मोजणी आत्ताच करून ठेवा.